गार्डची ड्यूटी संपली की गाडी का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांब पल्ल्याची एक्स्प्रेस आधीच पाच तास उशिराने धावत होती. एका मधल्या स्टेशनात ती उभी राहिली, ती दीड तास हलेचना. तासाभराने कुणीतरी बातमी आणली की गार्डची ड्यूटी संपली आहे आणि दुसरा गार्ड आल्याशिवाय गाडी सुटणार नाही. डब्यात लहान मुलं, म्हातारी माणसं, नळाला पाणी नाही. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं की गार्ड तर शेवटच्या डब्यात बसून हिरवा झेंडा दाखवतो. त्याने आणखी दोन तास काढले असते तर काय बिघडलं असतं? हजारभर प्रवाशांपेक्षा एका माणसाची विश्रांती मोठी कशी?

मी मालगाडीचा गार्ड म्हणून नोकरीला लागलो, पुढे पॅसेंजर आणि मेल-एक्स्प्रेसवर काम केलं. शेवटची वर्षं क्रू लॉबीत होतो, म्हणजे जिथून गार्ड आणि ड्रायव्हरना गाडीवर पाठवतात तिथे. गाडीतला गार्ड आणि त्याला गाडीवर पाठवणारा माणूस, दोन्ही बाजू मला माहीत आहेत. जानेवारी २०२२ पासून गार्डचं सरकारी पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झालं आहे, पण मी सवयीने गार्डच म्हणतो.

तुमचा राग रास्त आहे. पण तो विश्रांतीच्या नियमावर निघतोय, आणि दोष तिथे नाही. तुमची गाडी पाच तास उशिरा होती, म्हणूनच गार्डचे तास वाटेत संपले. ते कधी संपणार हे कंट्रोलला, म्हणजे गाड्यांची हालचाल बघणाऱ्या कक्षाला, कितीतरी आधी ठाऊक होतं. तरीही बदलीचा माणूस त्या स्टेशनात वेळेवर उभा नव्हता. जाब विचारायचा तो याचा.

आधी झेंड्याबद्दल बोलू, कारण गार्डचं काम काय हे कळल्याशिवाय तास मोजण्याला अर्थ राहत नाही.

प्लॅटफॉर्मवरून झेंडा दिसतो, त्याआधीचं काम दिसत नाही. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रेक पाइप जातो आणि त्यात दाबाखाली हवा असते. इंजिनाकडे हा दाब पाच किलो लागतो. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात, दाब गेला की लागतात. दोन डब्यांच्या मधे हा पाइप रबरी होजने जोडलेला असतो आणि दोन्ही बाजूंना तो बंद करायचे कॉक असतात. त्यातला एखादा कॉक चुकून बंद राहिला तर त्याच्या मागच्या सगळ्या डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या ताब्यात राहत नाहीत. इंजिनात बसून त्याला ते सहसा कळतही नाही, कारण त्याच्यासमोरचा काटा बरोबर पाचावर असतो. कळतं ते मागच्या टोकाला. म्हणून गाडी निघण्याआधी, इंजिन बदललं किंवा डबे काढले-जोडले की ड्रायव्हर दाब कमी करतो आणि गार्ड आपल्या व्हॅनमधल्या गेजवर काटा खाली येतो का ते बघतो. मग गार्ड आपल्याकडून हवा सोडतो आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर सांगतो की त्याचाही काटा पडला. दोन्हीकडून जुळलं तरच हवा शेवटपर्यंत सलग आहे असं धरायचं.

दोन-चार मिनिटांचं काम आहे. झोपेने डोळे जड झालेला माणूस नेमकं हेच काम काट्याकडे नीट न बघता ‘ओके’ म्हणून उरकतो. हे सांगताना मला पॅरिसचा अपघात आठवतो. २७ जून १९८८ ला एका लोकलमध्ये प्रवासी महिलेने साखळी ओढली, कारण नव्या वेळापत्रकात तिचं स्टेशन गाळलं होतं. ब्रेक परत सोडवताना ड्रायव्हरच्या हातून ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला. ब्रेक सुटेनात, तेव्हा हवा अडकली असेल असं समजून ड्रायव्हर आणि गार्डने डब्याडब्याला जाऊन हाताने हवा सोडली आणि ब्रेक मोकळे केले. गाडी सव्वीस मिनिटं उशिरा निघाली, उशीर भरून काढायला मधलं स्टेशन वगळायला सांगितलं गेलं. पुढे उतारावर ब्रेक लावायची वेळ आली तेव्हा मागे ब्रेकच नव्हते. गार द लिऑं स्टेशनात उभ्या असलेल्या दुसऱ्या लोकलवर ती जाऊन आदळली आणि ५६ माणसं गेली. घाईच्या त्या सव्वीस मिनिटांत ब्रेक सलग आहे का हे नीट तपासलं असतं, तर बंद कॉक तिथल्या तिथे सापडला असता.

दुसरं काम गाडीच्या शेपटाचं. शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’, म्हणजे लास्ट व्हेइकल, लिहिलेली पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस ती पाटी किंवा दिवा बघतो आणि मगच गाडी पूर्ण आली असं मागच्या स्टेशनला कळवतो. पाटी दिसली नाही, तर गाडी मधे तुटून काही डबे मागेच राहिले असण्याची शक्यता असते, आणि तोवर त्या सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात, दुसरी गाडी सोडायची नसते. पुढची गाडी नक्की पार झाल्याची खात्री न करता मागची गाडी सोडली तर काय होतं, ते २० ऑगस्ट १९९५ ला फिरोजाबादजवळ दिसलं. कालिंदी एक्स्प्रेस जनावराला धडकून थांबली होती. ती पुढे गेली असं समजून पुरुषोत्तम एक्स्प्रेसला रस्ता दिला गेला आणि ती मागून येऊन कालिंदीवर आदळली. तीनशेहून जास्त माणसं गेली. शेपटाकडे लक्ष ठेवणं हा स्टेशनातल्या माणसाचा आणि गार्डचा दोघांचाही धर्म आहे. गार्डने दिवा पेटतो का ते बघायचं, स्टेशनवाल्याने तो समोरून पार झाला का ते बघायचं.

गाडी सेक्शनमध्ये मधेच अडकली आणि लवकर निघणार नाही असं दिसलं की गार्डने गाडीच्या मागे चालत जायचं. ब्रॉडगेजवर नेहमीच्या ब्लॉक सेक्शनमध्ये ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर आणखी तीन, एकमेकांपासून दहा मीटर अंतर ठेवून. मागून गाडी आलीच तर तिच्या चाकाखाली फटाके फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. कागदावर हे सोपं वाटतं. रात्री पावसात, खडीवरून, एका हातात दिवा, खांद्याला फटाक्यांचा डबा, पायाखालचा स्लीपर दिसत नाही, आणि सारखं मागे वळून बघायचं की प्रकाश येतोय का. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दुहेरी लाइनवर डबा घसरून शेजारच्या रुळावर आला असेल तर आधी तो रूळ अडवायचा, कारण तिकडून येणाऱ्या गाडीला काहीच माहीत नसतं. चौदा तास जागा असलेला माणूस कुठल्या दिशेला आधी धावायचं हे ठरवायलाच वेळ घेतो, आणि तेवढा वेळ हातात नसतो.

गार्डची जागा गाडीत सगळ्यात मागे असते. १७ जून २०२४ ला उत्तर बंगालमध्ये रंगापानीजवळ सिग्नल यंत्रणा बिघडलेली होती, गाड्या कागदी परवान्यावर चालवल्या जात होत्या. उभ्या कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. मृतांमध्ये मालगाडीचा ड्रायव्हर होता आणि कांचनजंगाचा गार्डही होता. शेवटच्या डब्यात निवांत बसायचं काम म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की मागून काही आलं तर ते पहिल्यांदा त्याच्याच अंगावर येतं.

मुंबईच्या लोकलचं काम वेगळं आहे. तिथे स्टेशनं दोन-तीन मिनिटांवर. प्रत्येक स्टेशनात गार्ड बाहेर वाकून प्लॅटफॉर्म बघतो, दोन घंट्या देतो, गाडी निघते. कुणी अडकलेलं दिसलं तर एक घंटा, म्हणजे थांब. एसी लोकलमध्ये दरवाजे उघडणं-बंद करणंही त्याच्याच हातात असतं. एका फेरीत हा निर्णय वीस-पंचवीस वेळा घ्यायचा, दर वेळी काही सेकंदांत, आणि दर वेळी समोर वेगळी गर्दी. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या जेम्स स्ट्रीट स्टेशनात ऑक्टोबर २०११ मध्ये सोळा वर्षांची मुलगी डब्याला टेकून उभी असताना गार्डने निघायचा इशारा दिला. ती खाली पडली आणि तिचा जीव गेला. त्या गार्डला कोर्टाने मनुष्यवधाबद्दल पाच वर्षांची शिक्षा दिली. एका घंटीला केवढी जबाबदारी चिकटलेली आहे ते यावरून कळावं.

आता तासांकडे येतो.

रेल्वे कर्मचाऱ्यांचे कामाचे तास ही कुणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्यावर एक वेगळं प्रकरणच आहे आणि त्याखाली २००५ चे तपशीलवार नियम आहेत. त्यामागे जुनी लढाई आहे. १९४७ मध्ये न्या. राजाध्यक्षांनी दिलेल्या निवाड्याने तासांची घडी बसवायला सुरुवात केली. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ड्रायव्हर मंडळींनी संप केला तेव्हा दहा तासांची मर्यादा मान्य झाली. त्याआधी माणसं गाडीवर किती तास असत, हे जुन्या लोकांकडून ऐकताना अंगावर काटा यायचा.

आजचा नियम साधारण असा. गाडीवरचं काम नेहमी नऊ तासांच्या आत संपायला हवं. अडचण असेल तर कंट्रोलने आधी सूचना देऊन ते वाढवायचं, पण साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावल्यापासून ती संपल्याची नोंद होईपर्यंत, एकूण अकरा तासांच्या मर्यादेत. तेवढ्यात गाडी पोचत नसेल आणि बदलीचं ठिकाण तासाभराच्या अंतरावर असेल, तर तिथपर्यंत गाडी न्यायची. अपघात, पूर, आंदोलन, यंत्रणेचा बिघाड अशा वेळी याहून जास्तही थांबावं लागतं आणि आम्ही थांबलो आहोत. म्हणजे नियम घड्याळाच्या काट्याला बांधलेला नाही, त्यात पुरेशी ढील आहे. ती ढील संपल्यावरच गार्ड नाही म्हणतो, आणि तुम्हाला दिसतो तो तेव्हाचा गार्ड.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तास संपले म्हणून गार्ड गाडी सोडून चालता होऊ शकत नाही. बदलीची व्यवस्था असेल तिथे, बदली माणूस येईपर्यंत काम सोडता येत नाही, हे त्याच कायद्यात कलम १३४ मध्ये आहे. त्याने गाडी पुढे न्यायची नाही, पण ती सांभाळायची आहे. गाडी नुसती उभी करून चालत नाही, हँडब्रेक आवळावे लागतात, चाकांना गुटके लावावे लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जम्मूतल्या कठुआ स्टेशनातून एक मालगाडी कुणीही नसताना आपोआप उतारावरून निघाली आणि सत्तरहून जास्त किलोमीटर धावत पंजाबात उंची बस्सीला थांबवली गेली. नीट जखडलेली नव्हती. तेव्हा तुमच्या त्या दीड तासात गार्ड व्हॅनमध्ये बसलेला दिसला, तर तो आराम करत नव्हता.

विश्रांतीचे आकडेही सांगतो, कारण लोकांना वाटतं गार्डला सारखी सुट्टी असते. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी झाली तर घरच्या ठिकाणी सोळा तास, कमी झाली तर बारा. बाहेरगावी, म्हणजे रनिंग रूम या रेल्वेच्या विश्रांतिगृहात, आठ तासांच्या ड्यूटीनंतर आठ तास. महिन्यात सलग तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच विश्रांत्या. रविवार, सण, बारसं, लग्न या कशाशीही त्याचा संबंध नाही. रनिंग रूमच्या आठ तासांत अंघोळ, जेवण, कपडे आले, शेजारच्या खाटेवरचा माणूस मधेच उठून ड्यूटीवर जातो, दिवस असेल तर ऊन आणि आवाज, आणि ड्यूटीचा निरोप, म्हणजे कॉल, निघण्याच्या दोन तास आधी येतो. झोप पाच तास लागली तर नशीब.

हेच तास एवढे मोलाचे का? १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून आणि दारू पाजून, दोन्ही अवस्थांत तीच चाचणी दिली. सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढासळलेला आढळला. चोवीस तासांनंतर तो ०.१० टक्क्यांच्या आसपास गेला. आमच्या लॉबीत साइन ऑन करताना प्रत्येकाला ब्रेथलायझरमध्ये फुंकावं लागतं. यंत्राने दारू दाखवली की तो माणूस गाडीवर जात नाही, आणि त्यावर कुठल्याही प्रवाशाची तक्रार नसते. जागरण मोजणारं यंत्र नाही. त्याऐवजी आपल्याकडे तासांची मर्यादा आहे. म्हणून मला ती ब्रेथलायझरइतकीच महत्त्वाची वाटते.

पहाटे दोन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट. शरीर झोप मागत असतं, तुम्ही कितीही सवयीचे असा. मालगाडीवर तर अजूनच. जुन्या ब्रेक व्हॅनमध्ये दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही, गाडी बाजूच्या लूप लाइनला दोन-दोन तास उभी, समोर फक्त अंधार आणि वाट बघणं. जेवणाचा डबा मांडीवर ठेवून खायचा, कारण केव्हा सिग्नल मिळेल सांगता येत नाही. ड्यूटीच्या मधे जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरलेला वेळ मिळावा ही गाडीवरच्या माणसांची मागणी कित्येक वर्षांची आहे. माझ्या मते ती इतकी साधी आहे की ती मागावी लागते याचंच वाईट वाटतं. इतर कुठल्याही धंद्यात माणसाला बारा तास लघवी रोखायला सांगितली तर लोक खवळतील.

मग गाडी अडकतेच का? इथे मी लॉबीतला अनुभव सांगतो.

समजा तुमच्या गाडीवरचा गार्ड रात्री दहाला साइन ऑन झाला. ठरल्याप्रमाणे त्याने पहाटे सहाला बदलीच्या स्टेशनात उतरायचं. वाटेत धुकं, ब्लॉक, पुढची मालगाडी बंद पडली, असं करत सहाला गाडी अजून दीडशे किलोमीटर मागे. कंट्रोलच्या फळ्यावर हे सगळं दिसत असतं. पहाटे चारलाच हिशेब मांडता येतो की हा माणूस नऊला संपणार आणि नऊला गाडी अमुक स्टेशनाच्या आसपास असणार. त्याच वेळी जवळच्या लॉबीतून विश्रांती पूर्ण झालेला गार्ड उठवायचा, त्याला दुसऱ्या गाडीने किंवा रस्त्याने त्या स्टेशनात आणायचं. पाच तास हातात असतात. हे केलं, तर तुम्हाला गार्ड बदललेला कळतही नाही.

होत नाही याची कारणं मला तीन-चारच दिसली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे माणसं कमी असणं. लिंकमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या ठरलेल्या तक्त्यात, जागा दहा आणि हजर सात, अशी लॉबी रोज चालवावी लागते. मग विश्रांतीवरचा माणूस पूर्ण विश्रांतीच्या आधी उठवायचा मोह होतो. तो उठला नाही की शोधाशोध, आणि ती शोधाशोध तुमच्या प्लॅटफॉर्मवरचा दीड तास होते. दुसरं, ‘बघू, पोचेल’ ही आशा. कंट्रोलरला वाटतं गाडी वेळ काढून घेईल, म्हणून बदली मागवणं लांबतं. तिसरं म्हणजे छोट्या स्टेशनात माणूस पोचवायला गाडी नसते. कंट्रोलमधली माणसंही बारा गोष्टींशी झुंजत असतात, पण हा हिशेब आठव्या तासाऐवजी सहाव्या तासाला मांडायची शिस्त जिथे होती तिथे मी गाडी अडकलेली फार क्वचित पाहिली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ बुढवल जंक्शनला नेमकं हे उघड्यावर आलं. दोन एक्स्प्रेस गाड्या तिथे उभ्या राहिल्या. त्यातली सहरसाहून नवी दिल्लीला जाणारी विशेष गाडी आधीच चोवीस तासांहून जास्त उशिरा होती. ड्यूटीचे तास संपल्याचं सांगून कर्मचाऱ्यांनी गाडी पुढे न्यायला नकार दिला, पाणी आणि खाणं नाही म्हणून प्रवासी रुळांवर उतरले, आणि शेवटी गोंड्याहून माणसं पाठवून गाड्या हलवल्या. बातम्यांचा सूर ‘ड्रायव्हर गाडी सोडून गेला’ असा होता. एक दिवसभर उशिरा धावणाऱ्या गाडीवरच्या माणसाचे तास कुठे संपतील याचा अंदाज आधी का घेतला नाही, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

उशीर भरून काढायचा दबाव गाडीवरच्या माणसाच्या डोक्यात बसला की काय होतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात दुःखद उदाहरण जपानचं आहे. २५ एप्रिल २००५ ला आमागासाकीला. तेवीस वर्षांच्या ड्रायव्हरने आधीच्या स्टेशनात गाडी सुमारे सत्तर मीटर पुढे नेली, ती मागे घेण्यात वेळ गेला, गाडी दीड मिनिटाच्या आसपास उशिरा झाली. त्या कंपनीत अशा चुकीची शिक्षा म्हणून अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षण’ असे. त्याने गार्डला इंटरकॉमवर विनंती केली की गाडी किती पुढे गेली ते कमी करून सांग. गार्ड कंट्रोलशी रेडिओवर बोलत होता, आणि ते बोलणं ऐकण्यात ड्रायव्हरचं लक्ष गुंतलं असावं असा चौकशीचा निष्कर्ष होता. सत्तरच्या वळणावर गाडी ११६ च्या वेगाने शिरली. १०७ माणसं गेली, ड्रायव्हर धरून. सगळ्या जगात वेळ पाळण्यासाठी नावाजलेल्या रेल्वेत, दीड मिनिटासाठी. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या गार्डला मी ही गोष्ट सांगत असे, आणि पुढे म्हणत असे की उशिराचं उत्तर मी देईन, तू काटा बघ.

प्रवाशांबद्दलही मला मनापासून बोलायचं आहे, कारण उभ्या गाडीतले ते दीड तास किती वाईट असतात हे मी खिडकीखाली उभं राहून ऐकलं आहे. माहिती न मिळणं हे उशिरापेक्षा जास्त जाळतं. ‘गार्ड कल्याणहून निघाला आहे, साडेअकरापर्यंत पोचेल’ एवढी घोषणा झाली तर निम्मा डबा शांत होतो, माणसं घरी फोन करतात, मुलांना झोपवतात. ती घोषणा करणं स्टेशन मास्तरांच्या हातात असतं आणि ती करायला एक मिनिट लागतं. ती होत नसेल तर शांतपणे पण ठामपणे मागा, तुमचा तो हक्क आहे असंच मी मानतो.

पण दोन गोष्टी करू नका. रुळावर बसून गाडी अडवू नका. कायद्याने तो गुन्हा आहेच, कलम १७४. त्याहून मोठी अडचण ही की तुम्ही एक लाइन अडवलीत की मागे उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीवरच्या गार्ड-ड्रायव्हरचे तास चालूच राहतात. तुमच्या रागाने आणखी पाच गाड्यांवर तुमचीच परिस्थिती ओढवते, आणि त्यातल्या लोकांना कारणही कळत नाही.

आणि गाडी मधेच थांबली असेल तर चुकीच्या बाजूने खाली उतरू नका. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि लोक शेजारच्या रुळावर उतरले. समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा जण गेले. अशा वेळी गार्ड गाडीच्या मागून, ड्रायव्हर पुढून शेजारच्या लाइनला सावध करायचा प्रयत्न करतात, पण एक्स्प्रेस मिनिटभरात दोन किलोमीटर येते आणि माणूस धावून तिला गाठू शकत नाही. साखळी ओढल्यावर ती कुठल्या डब्यात ओढली हे शोधत गार्डला किंवा सहायक ड्रायव्हरला चालत यावं लागतं. ती वेळ डब्यात बसूनच काढायची.

गार्डशी भांडूनही काही साधत नाही. त्याला पुढे चल म्हणून धमकावलं आणि तो घाबरून तयार झाला, तर तुम्ही स्वतःच्या गाडीच्या मागच्या टोकाला असा माणूस बसवलात ज्याचे डोळे मिटत आहेत. त्याला काही विचारायचंच असेल तर विचारा की बदली कुठून येतोय. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं असतं, तोही घरी जायला निघालेला असतो.

तक्रार मात्र जरूर करा, आणि ती नेमकी करा. १३९ वर किंवा रेल मदत ॲपवर. ‘गाडी दीड तास थांबवली’ एवढंच लिहिलं तर ‘परिचालन कारणाने’ असं छापील उत्तर येतं. गाडी क्रमांक, स्टेशनाचं नाव, गाडी किती वाजता थांबली आणि किती वाजता सुटली, गार्ड बदलीची माहिती केव्हा मिळाली, घोषणा झाली की नाही, पाणी होतं की नाही, हे लिहा. आणि सरळ विचारा: मूळ गार्ड किती वाजता साइन ऑन झाला होता, आणि बदली गार्डला कॉल किती वाजता दिला. हे दोन वेळ लॉबीच्या नोंदीत असतात. कॉल जर नववा तास उलटल्यावर गेला असेल तर चूक कुणाची हे त्या दोन आकड्यांतच दिसतं, आणि लॉबीतल्या माणसाला त्यावर ‘परिचालन कारण’ लिहून सुटता येत नाही. ॲपवरून समाधान झालं नाही तर माहितीच्या अधिकारात हेच दोन वेळ विभागीय कार्यालयाकडे मागता येतात. त्याच अर्जात त्या लॉबीत गार्डच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती हेही विचारा.